कोनाड्यातली बाटली

मित्रांनो, बाटली दिसली की लगेच नाक मुरडू नका, आधी माझं ऐकून तरी घ्या. मी तपकिरी काचेची, आखूड मानेची एक म्हातारी बाटली आहे. आजवर माझ्या पोटात दोनच गोष्टी राहिल्या. पहिलीला लोक दारू म्हणाले आणि त्यांनी मला शिव्या दिल्या. दुसरीला औषध म्हणाले आणि मला कोनाड्यात मानानं बसवलं. आणि घोळ असा, की माणूस मरायला टेकला तो दुसरीनं! हे कसं झालं ते डॉक्टरांनी सांगितलंय, मी ऐकलंयही, पण माझ्या डोक्यात अजून सगळा गोंधळच आहे. तुम्ही शाळा शिकलेले. तुम्हाला नीट उलगडलं तर बघा.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक रस, एक फुंकर, साचा आणि मग अंगावर आलेला गार वारा, एवढंच आठवतं. पुढं एका कारखान्यात माझ्या पोटात ती झणझणीत पहिली गोष्ट भरली, झाकण ठोकलं, अंगावर चिठ्ठी डकवली आणि खोक्यात घालून मला हिंगोलीला धाडलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. परवान्याच्या दुकानात फळीवर मी मोठ्या ऐटीत उभी असायचे. येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडं टक लावून बघायचा. मला वाटायचं, आपण म्हणजे कुणीतरी फार मोठ्या!

तिथून मला भिवाजीनं नेलं. भिवाजी गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनावर कामाला होता. कापसाचा हंगाम, दिवसभर इंजिनाची धडधड, आणि सुट्टी झाली की पाय आपोआप दुकानाकडं. त्यानं मला सदऱ्याच्या आत छातीशी धरून घरी आणलं. वाटलं, किती जीव आहे याचा आपल्यावर! आणि तासाभरात मी रिकामी झाले, तर याच माणसानं मला जळणाच्या लाकडांमागं भिरकावलं. भरलेली असताना छातीशी आणि रिकामी झाल्यावर लाकडांमागं. हा काय न्याय झाला? मला तेव्हाही कळलं नाही.

पण लाकडांमागून घरातलं सगळं ऐकू यायचं. घर लहान, विहाराच्या मागच्या गल्लीत. भिवाजी, त्याची म्हातारी आई रुक्माबाई, बायको मालनबाई आणि पाच वर्षांची लेक चांगुणा. भिवाजी पिऊन कुणावर हात उगारायचा नाही. तो नुसता पडून राहायचा. उठला की रडायचा, पाया पडायचा, कानाला खडा लावायचा, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. मालनबाईला त्या रडण्याचा वीट आला होता.

मग एक दिवस जिनिंगमध्ये त्याची बाही इंजिनाच्या पट्ट्यात सापडली. शेजारच्या धर्मसिंगनं ओढून काढला म्हणून हात वाचला. सदरा तेवढा फाटला. तो फाटका सदरा मांडीवर घेऊन मालनबाई शिवायला बसली, आणि सुई टोचता टोचता थांबली.

"आज हात गेला असता," ती म्हणाली. "उद्या जीव जाईल. म्या काही पांढऱ्या कपाळानं बसून राहनार न्हाई. आता एकदा जरी पिलात, तर चांगुणीला घेऊन डोंगरकड्याला माहेरी दादाकडं निघून जाईन. मंग न्यायला येऊ नका अन् पाया पडू नका. म्या येनार न्हाई."

हे ती ओरडून म्हणाली असती तर भिवाजीनं ऐकून सोडून दिलं असतं. पण ती हळू म्हणाली. भिवाजी घाबरला.

शेजारच्या सोजराबाईनं मालनबाईला एक युक्ती सांगितली होती. "दवाखान्यात दारू सुटायची गोळी मिळून राहिली म्हनं. त्याला कळू बी देऊ नको. बारीक कुटून वरनात टाकायची. पिला की वकंल. दोनदा वकला की आपसूक सोडंल." मालनबाईला पटलं. ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांकडं कुटायलाच गोळ्या मागितल्या. डॉक्टर असे भडकले म्हणता! ते सगळं तिनं घरी येऊन चुलीपुढं सांगितलं, म्हणून मला माहीत. डॉक्टर म्हणाले होते, "त्याला ठाऊकच नसेल तर तो नेहमीसारखा पिऊन येईल आणि रस्त्यात मरून पडेल. मग मला सांगाल, गोळीनं मारलं. ही गोळी चोरून द्यायची नसते. त्याला घेऊन या. त्याची मर्जी असेल तरच देईन."

भिवाजी गेला. डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, पोट दाबून बघितलं, आदल्या दिवसापासून थेंबही घेतलेला नाही ना, हे पुन्हा पुन्हा विचारलं. मग पुडीत बांधून गोळ्या दिल्या आणि बजावलं, "ही गोळी पोटात असताना दारू प्यायलास तर तोंड लाल होईल, छाती धडधडेल, उलट्या होतील, जीवसुद्धा जाईल. दारू बंद म्हणजे बंद." भिवाजीनं मान हलवली. त्यानं विहारात जाऊन सगळ्या वस्तीसमोर पुन्हा पंचशील घेतलं. पाचव्या शीलाला, नशेपासून दूर राहायच्या शीलाला, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं रुक्माबाई कौतुकानं सांगायची.

मग घरात सकाळचा एक कार्यक्रमच ठरून गेला. मालनबाई तळहातावर गोळी ठेवायची, भिवाजी पाण्याबरोबर गिळायचा आणि तोंडाचा आऽ करायचा. चांगुणा वाकून आत बघायची आणि टाळ्या पिटायची, "गेली! गेली!" सगळे हसायचे. मी लाकडांमागून ऐकायचे आणि मलाही बरं वाटायचं.

इथवर सगळं सरळ आहे, मित्रांनो. घोळ पुढं आहे.

एकदा जळण काढताना रुक्माबाईच्या हाताला मी लागले. मला वाटलं, आता फुटले! पण ती जुन्या काळची बाई, चांगली काच टाकवेना. तिनं माझ्या अंगावरची चिठ्ठी खरवडून काढली, राखेनं घासलं, कढत पाण्यानं खळबळून काढलं आणि चार दिवस उन्हात पालथी घातली. मग नाकाशी धरून हुंगलं. वास गेला होता. "झाली पवितर," म्हणाली. खरं सांगते, मला इतकं हलकं आयुष्यात वाटलं नव्हतं.

रुक्माबाईला एक काळजी लागली होती. दारू सुटल्यापासून लेकाचं जेवण कमी झालं होतं. तोंडाला कसलीतरी पत्र्यासारखी चव येते म्हणायचा, दिवसा पेंगायचा. डॉक्टरांनी सांगितलंही होतं, की सुरुवातीला गोळीनं असं होतं. पण आईच्या जिवाला ते कसं पटावं? "गोळ्यांनी लेकरू वाळून राहिलं," असं पुटपुटत तिनं मला पदराखाली घेतलं आणि बंडोपंत वैद्यांच्या ओसरीवर गेली. त्यांच्याकडं आसव न्यायचं तर बाटली आपली आपण न्यावी लागायची.

आता आमच्या भागातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डॉक्टरकडं गेलो हे वैद्यांना सांगायचं नाही, आणि वैद्यांचं औषध चालू आहे हे डॉक्टरला सांगायचं नाही. सांगितलं की दोघंही रुसतात. वैद्य म्हणतात, मग तिकडंच जा. डॉक्टर म्हणतात, मग माझ्याकडं कशाला आलात? म्हणून शहाणी समजली जाणारी माणसं दोन्हीकडं गप्प बसतात आणि दोन्हीकडचं घेतात.

"मुलाला काय होतंय?" बंडोपंतांनी विचारलं.

"जेवन जाईना जी. अंगात ताकदच न्हाई."

"व्यसन वगैरे?"

"व्हतं. आता सोडलं त्यानं!" रुक्माबाईची मान ताठ झाली.

"वा, उत्तम! आणखी कुणाचं औषध चालू आहे का?"

रुक्माबाईनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. "न्हाई जी."

बंडोपंत सज्जन माणूस. त्यांनी मोठ्या बरणीच्या तोंडावरचं कापड सोडलं. मनुका, गूळ, धायटीची फुलं असं काय काय घालून, तोंड लिंपून महिनाभर मुरत ठेवलेलं ते द्राक्षासव होतं. बरणी उघडली आणि वास आला. मला एकदम ओळखीचं काहीतरी वाटलं! पण म्हटलं, छे, आपलंच मन पापी. वैद्यांच्या घरात ती कशी असेल? नरसाळं लावून त्यांनी मला गळ्यापर्यंत भरलं. "जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून," एवढं सांगितलं.

घरी आल्यावर रुक्माबाईनं मला तसबिरीखालच्या कोनाड्यात ठेवलं. माझ्यासमोर उदबत्तीचा वास दरवळायचा. काल लाकडांमागं आणि आज इथं! मी तर भांबावूनच गेले. तुमच्या वाट्याला असं आलं असतं तर तुम्हीही भांबावला असता.

बाजाराचा दिवस होता. मालनबाई निंदायला गेलेली. भिवाजी दुपारी जेवायला घरी आला. जेवण झाल्यावर रुक्माबाईनं मला उचललं. घरात चमचा कुठला? तिनं वरणाची पळी घेतली. लेकाला द्यायचं, तर हात आखडता कशाला घ्यायचा? पळी भरून दिलं. "वैद्याचं हाय, ताकदीचं," म्हणाली. भिवाजीनं डोळे मिटून घेतलं, मिशी पुसली आणि कामावर गेला.

अर्ध्या वाटेवरून त्याला धर्मसिंगनं धरून आणलं. तोंड लालबुंद, डोळे तांबारलेले, मानेची शीर टणाटण उडतेय. दारातच भडाभडा ओकला. रुक्माबाईनं त्याला भिंतीला टेकवून बसवलं. तिला वाटलं, लेकानं वाटेत घेतली. धर्मसिंगलाही तेच वाटलं. आणि खरं सांगू? मलाही तेच वाटलं. गोळीवर दारू पडली की असंच होतं, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं ना!

संध्याकाळी मालनबाई आली, बघून समजली.

"कुठं पिलात?"

"आईच्यान, न्हाई पिलो."

"डाक्टरनं सांगितलं तसंच बराबर झालं. अन् म्हनं न्हाई पिलो!"

"मालन, पोरीची शपथ घेतो..."

"पोरीची शपथ घ्याल तर बघा!"

तिनं दिवा घेतला आणि घर धुंडाळलं. लाकडं उपसली, अंथरुणं झटकली, पाण्याच्या रांजणात हात घातला, पत्र्याच्या वळचणीला चाचपलं. ती बाटली शोधत होती. शेवटी कोनाड्याशी आली. तिची चिखलाची बोटं माझ्या अंगाला लागली. तिनं मला थोडं बाजूला सरकवून मागं बघितलं, आणि "आत्याचं औषध" असं सासूच्या नावानं म्हणत, पदरानं पुसून, होते तिथं नीट ठेवलं. मी तिच्या हातात होते, मित्रांनो! पण मला कुठं ठाऊक, की ती मलाच शोधते आहे?

बाटली सापडली नाही म्हणून मालनबाईनं त्या वेळी सोडून दिलं. रुक्माबाईनं चार-आठ दिवस पोट नाजूक म्हणून आसव थांबवलं. भिवाजी ठणठणीत झाला. सकाळी गोळी, तोंडाचा आऽ, टाळ्या, सगळं सुरू झालं.

मग पौर्णिमा आली. विहारात सगळी वस्ती जमणार होती. घरातून निघताना रुक्माबाईला वाटलं, लेक चालत जाणार, बसणार, अंगात ताकद हवी. तिनं पुन्हा पळी भरली. सगळी मंडळी धुवट पांढरी लुगडी-सदरे घालून गेली. मी कोनाड्यात एकटी. थोड्याच वेळात गल्लीतून गलका ऐकू आला आणि भिवाजीला चौघांनी उचलून आणलं. ऐन वंदनेच्या वेळी तो तोंड लाल होऊन कोसळला होता. ज्या लोकांसमोर त्यानं पाचवं शील घेतलं, त्यांच्याच समोर. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. "विहारात बी पिऊन आला गं बाई," सोजराबाई म्हणाली ते मी ऐकलं.

मालनबाईनं रात्रीच चांगुणाचे कपडे गोळा केले. सकाळी तिनं बोचकं बांधलं. भिवाजी उंबऱ्यात बसला होता.

"मालन, म्या पिलो न्हाई. कसं सांगू तुला? आजवर सतरांदा पिलो, तवा खोटं बोललो. आज खरं बोलून राहिलो, तर तुला पटंना."

"म्हनूनच पटंना," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण पाय थांबले नाहीत. चांगुणा मागं वळून वळून बघत गेली.

ती गेल्यावर भिवाजी उंबऱ्यातून उठून आईजवळ आला. मग त्यानं आईला जे विचारलं, ते ऐकून माझ्या काचेला तडा जायचा बाकी राहिला.

"माय, म्या पिली व्हय गं? तू तर घरात व्हतीस. मलाच समजून न्हाई राहिलं. पिल्यावर ध्यानात राहत न्हाई माझ्या, पयलं बी राहत नव्हतं. तूच सांग, पिली का म्या?"

रुक्माबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती काय सांगणार? तिलाही वाटत होतं की पिली. ती नुसती "असू दे लेका, असू दे" म्हणत राहिली. तिला त्याची समजूत घालायची होती. पण त्या "असू दे"नंच भिवाजी जास्त खचला. म्हणजे आईचाही भरवसा नाही, असंच झालं ना ते?

त्यानंतर त्यानं गोळी मुळीच चुकवली नाही. मालन नव्हती, तर आईपुढं उभा राहून घ्यायचा, आणि तिलाच तोंड उघडून दाखवायचा. जेवण मात्र टाकलं. चतकोर भाकरीवर उठायचा. रुक्माबाईचा जीव तीळतीळ तुटायचा. शेवटी एक दिवस त्यानं ताटाला हातच लावला नाही, तेव्हा तिनं पळी बाजूला ठेवली आणि वाटी घेतली. "जेवू नको बाबा, पन एवढं तरी घे. माझ्यासाठी घे." आईच्या डोळ्यांत पाणी बघून भिवाजीनं वाटीभर आसव एका दमात घेतलं.

या वेळी तो घराबाहेर पडलाच नाही. माझ्यासमोरच झालं सगळं. आधी कान लाल झाले, मग तोंड, मग छाती. "माय, डोकं फुटून राहिलं," म्हणाला. ओकला. श्वास लागेना. मग तोच लाल चेहरा एकदम पांढराफटक पडला, अंगाला गार घाम सुटला आणि तो आडवा झाला. रुक्माबाईनं बोंब ठोकली. धर्मसिंगनं सायकलरिक्षा आणली. त्या धांदलीतही रुक्माबाईनं एक गोष्ट आठवणीनं केली. कोनाड्यातून मला काढलं आणि पिशवीत घातलं. दवाखान्यात लेकाचं औषध चुकायला नको ना!

दवाखान्यात त्याला सुई टोचून बाटलीतून पाणी चढवलं, नाकाला नळी लावली. त्याची नाडी हाताला लागत नव्हती, असं म्हणत होते. मी पिशवीतून एवढंच ऐकत होते, की डॉक्टर चिडून कुणाला तरी सांगतायत, "इतकं बजावून प्यायलाच शेवटी!" आणि रुक्माबाई खाली मान घालून ऐकतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिवाजीनं डोळे उघडले. पेज दोन घोट पोटात गेली. डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी होते. रुक्माबाईनं इकडंतिकडं बघितलं, पिशवीतून मला हळूच काढलं, बूच उघडलं आणि वाटी पुढं केली. वैद्यांचं औषध डॉक्टरसमोर कसं द्यायचं, म्हणून पदराआड धरली होती. भिवाजीनं तोंड उघडलं.

"आजी! थांबा! काय देताय?"

डॉक्टरांनी येऊन तिचा हातच धरला. वाटी सांडली. त्यांनी मला उचललं, नाकाशी नेलं, आणि पुन्हा एकदा हुंगलं.

"हे कसलं?"

रुक्माबाईनं हात जोडले. "औषद हाय साहेब. द्राक्षासव. बंडोपंत वैद्याचं. ताकदीचं. चुकलं माझं, तुमाला सांगितलं न्हाई. रागावू नका."

"काल दिलं होतं?"

"वाटीभर. जेवत नव्हता म्हून."

"आणि त्याच्या आधी त्याला असं झालं, त्या वेळी?"

रुक्माबाईला आठवायला वेळ लागला. बाजाराचा दिवस. पौर्णिमा. तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. "दिलं व्हतं," ती म्हणाली.

डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांनी मग सगळं समजावून सांगितलं. गूळ-मनुकांचं आसव बरणीत मुरतं, तेव्हा त्यात आपोआप दारूचा अंश तयार होतो. एरवी कुणाला एक-दोन चमच्यांनी काही होत नाही. पण पोटात ही गोळी असली, तर तेवढाही अंश बाधतो, आणि वाटीभर म्हणजे विषच. आसवं, अरिष्टं, खोकल्याची काही गोड औषधं, सगळ्यांत तो असू शकतो. गोळी आज बंद केली तरी तिचा असर पुढं दोन आठवडे राहतो, तोवर हे सगळं वर्ज्य.

"पन साहेब, तुमी म्हनलात दारू पिऊ नको," रुक्माबाई रडत म्हणाली. "दारू तर दुकानात मिळती. हे तर औषद."

डॉक्टरांनी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "मी फक्त दारू म्हणालो. आणखी काय घेता ते मी विचारलं नाही."

खाटेवर भिवाजी ऐकत होता. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानात जात होतं. "म्हंजी म्या पिलो नव्हतो," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "माय, म्या पिलो नव्हतो." आपल्याशीच खात्री करून घेत होता बिचारा.

रुक्माबाई उठली. तिनं डॉक्टरांकडं मला मागितलं. "ही बाटली द्या साहेब. सुनेला दाखवायची हाय." आणि मला पिशवीत घालून तिनं कळमनुरीवरून जाणारी डोंगरकड्याची एस.टी. धरली. म्हातारीनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

मालनबाईचा भाऊ अमृतराव ओट्यावरच बसला होता. बहिणीच्या सासूला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मावशी, पान्याबिन्याचं बघतो, पन दाजींसाठी शब्द टाकू नका. विहारात पिऊन पडनाऱ्या मानसाकडं म्या बहीन धाडनार न्हाई."

मालनबाई दारात येऊन उभी राहिली. रुक्माबाईनं मला बाहेर काढून ओट्यावर ठेवलं.

"मालन, त्यानं पिली न्हाई. म्या पाजली. माझ्या हातानं पाजली."

मालनबाईनं बूच काढून वास घेतला. रुक्माबाईनं डॉक्टरांचं बोलणं जसं आठवेल तसं सांगितलं, मागचं पुढं, पुढचं मागं. मी तर आणखीनच गोंधळले. पण मालनबाई गोंधळली नाही. तिनं मला दोन्ही हातांत धरलं.

"घर हुडकताना हातात घेतली व्हती म्या ही," ती म्हणाली. "पुसून ठेवली." मग दादाकडं वळून म्हणाली, "गाडी कवाची हाय रं परत?"

त्याच परतीच्या गाडीनं आम्ही हिंगोलीला आलो. दवाखान्यात चांगुणा धावत जाऊन बापाच्या खाटेवर चढली. मालनबाई मात्र पायथ्याशी उभी राहिली. मला वाटलं, आता भिवाजी खूश होईल, हसेल. तर तो तिच्याकडं नुसता बघत राहिला.

"घरी येतीस?" त्यानं विचारलं.

"तुमाला न्यायलाच आले."

"अन् पुन्हा कधी तोंड लाल झालं माझं, मंग?"

हा प्रश्न त्याच्या मनात किती दिवसांचा साचला होता कुणास ठाऊक.  मालनबाईनं पुढं येऊन त्याच्या पायावरची चादर नीट केली.

"पहिलं दवाखान्यात आनीन," ती म्हणाली. "मंग तुमाला विचारीन, काय खाल्लं, काय पिलं. अन् तुमी सांगाल ते डाक्टरला सांगीन. घर हुडकनार न्हाई."

भिवाजीनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मालनबाईनं हात ठेवला तेव्हा ते थांबले.

मी मात्र दवाखान्यातच राहिले. डॉक्टरांनी मला रिकामी करून आपल्या टेबलावर ठेवलं. दारू सोडायला कुणी आलं, की ते आधी मला पुढं करतात. "अशा बाटलीतलं काही घेता का? वैद्यांचं, घरचं, बाजारातलं? खोकल्याचं? मी रागावणार नाही, सांगा." माणसं माझ्याकडं बघतात आणि हळूहळू बोलायला लागतात. काय काय निघतं म्हणता! बंडोपंतही आता ओसरीवर दोनदा विचारतात, असं कानावर येतं. मी दारूची की औषधाची, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारायचं सोडून दिलंय.

भिवाजीची तब्येत पुरती सुधारल्यावर, मधे बरेच दिवस जाऊ देऊन, छाती पुन्हा तपासून डॉक्टरांनी गोळी परत चालू केली. ती घ्यायला सगळं घर यायचं. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. रुक्माबाई लेकाला हातानं काहीच देईना. पाण्याचा तांब्यासुद्धा ती मालनबाईकडं सरकवायची. घरी वाढायचंही सोडलंय, असं मालनबाईनं डॉक्टरांना हळू आवाजात सांगितलं.

एकदा फार गर्दी होती, दुपार टळून गेली. मालनबाईनं फडकं सोडलं आणि नवऱ्यापुढं भाकरी धरली. त्यानं घेतली नाही.

"माय, तू दे," भिवाजी म्हणाला. "तुझ्या हातानं दे. लई भूक लागली."

रुक्माबाईनं भाकरी हातात घेतली. हात थांबला. ती उठली आणि भाकरी घेऊन थेट डॉक्टरांच्या टेबलाशी, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब," तिनं विचारलं, "ज्वारीची भाकर अन् मिरचीचा ठेचा हाय. पोराला चालंल न्हवं?"

रांगेतली माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी भाकरी हातात घेतली, ठेचा बघितला आणि म्हणाले, "चालेल, आजी. पोटभर द्या."

मित्रांनो, त्या म्हातारीनं भाकरीचंसुद्धा विचारलं. तुम्ही निदान औषधाचं तरी विचारत जा.